खिडकीचे पोपडे आणि लेकरू

प्रश्न : साताऱ्यात आमचं आजोबांच्या काळातलं घर आहे, खिडक्यांच्या हिरव्या ऑइलपेंटचे पोपडे निघतायत आणि दोन वर्षांची मुलगी ते तोंडात घालते. गणपतीआधी घासून नवा रंग मारू का?

उत्तर : ताई, कोरडं अजिबात घासू नका! जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, आपल्याकडे 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग शिसं) मर्यादा लागू झाली तीच नोव्हेंबर 2017 मध्ये. पॉलिश पेपर मारला की पिठासारखी धूळ उडते नि ती लेकराच्या हाताला लागून पोटात जाते, मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. त्यात तो पोपडा गोडसर लागतो म्हणून पोरं परत परत खातात. आधी रक्तातल्या शिशाची टेस्ट करून घ्या, लगेच. खिडकी ओली करूनच खरवडा, तोवर लेकीला आजोळी पाठवा, आणि झाडू नको, ओल्या फडक्यानं पुसा.