पन्नास संख्या बसतात, एक्कावन्नावी का नाही?

प्रश्न: १ ते १०० मधून अशा संख्या निवडायच्या, की एकीनेही दुसरीला निःशेष भाग जाऊ नये. मी ५१ ते १०० घेतल्या, म्हणजे ५०. एक्कावन्न जमतील का?

नाही. पण ‘मला सापडत नाहीत’ आणि ‘असूच शकत नाहीत’ यांत फार अंतर आहे, आणि मला या गणिताचा जीव त्या अंतरातच दिसतो. प्रत्येक संख्येला विषम संख्या उरेपर्यंत २ ने भागत जा. ९६, ४८, २४, १२, ६, ३: या सगळ्या ३ च्या डब्यात पडतात. एका डब्यातल्या कोणत्याही दोन घ्या, लहानीने मोठीला भाग जातोच. शंभरापर्यंत विषम संख्या ५०, म्हणून डबेही ५०. एक्कावन्न संख्या उचलल्या की एका डब्यातून दोन आल्याच. हेच पिजनहोल तत्त्व.

प्रश्न: पन्नासांची निवड ५१ ते १०० हीच एक, की आणखी आहेत?

पुष्कळ आहेत. ६८ काढून ३४ ठेवा, चालतं. मग निवडीतली सर्वात लहान संख्या किती खाली उतरू शकेल? पन्नास हव्यात तर प्रत्येक डब्यातून एक घ्यावीच लागते. ८१ च्या डब्यात ८१ एकटीच. तिला २७ ने भाग जातो, म्हणून २७ च्या डब्यातून ५४. त्यामुळे ९ आणि १८ बाद, ३६ किंवा ७२ घ्या. या दोन्हींना १२ ने भाग जातो, म्हणून ३ च्या डब्यातून निदान २४. आणि ८ ने २४, ४८, ९६ तिन्हींना भाग जातो, म्हणून १ च्या डब्यातून निदान १६. बाकीचे डबेही १६ च्या खाली जाऊ देत नाहीत. कागदावर एकदा करून पाहाच.

प्रश्न: कोणत्याही दोघींच्या बेरजेला ७ ने भाग जाऊ नये, अशा १ ते १०० मधल्या जास्तीत जास्त किती?

४५. ७ ने भागून बाकी पाहा. १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४ या जोड्यांतून एकेकच बाकी घेता येते: १५, १५ आणि १४ संख्या. शिवाय ७ च्या पटीतली एकच.

प्रश्न: सहज सुचणारी निवडच सर्वात मोठी, असे अंदाज नेहमी खरे ठरतात का?

नाही. १ ते २८० मधून, एकमेकींशी सहमूळ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) अशा पाच संख्या नसलेला सर्वात मोठा संच २१६ चा, म्हणजे २, ३, ५, ७ यांच्या पटी. १९९१ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये हाच प्रश्न होता. पाचऐवजी k+१ सहमूळ टाळायच्या असतील, तर पहिल्या k मूळ संख्यांच्या पटी घेणंच सर्वोत्तम, असं हंगेरियन गणितज्ञ पॉल एर्डशना वाटत होतं. १९९४ मध्ये आल्स्वेडे आणि खाचात्रियान या गणितज्ञांनी k = २१२ ला ते मोडून दाखवलं.