दहावी-अकरावीच्या मुलांना 'ड्रंक अँड ड्राइव्ह' शिकवताना

साठ मुलं, दोन तासिका, वाहतूक शाखेच्या साहेबांचं भाषण आणि अपघातांच्या फोटोंचा स्लाइड शो असा तुमचा बेत आहे, आणि तो परिणामकारक कसा होईल असं तुम्ही विचारलंय. सगळ्यात आधी फोटो काढून टाका. छिन्नविच्छिन्न गाड्या आणि रक्त बघून वर्ग पाच मिनिटं चिडीचूप होतो, मधल्या सुट्टीत त्याच फोटोंवर विनोद सुरू होतात. भीती दाखवली पण त्या प्रसंगी नेमकं काय करायचं ते सांगितलं नाही, तर मुलं विषयच झटकून टाकतात. शिवाय साठात एखाद्याचे वडील किंवा भाऊ अपघातात गेलेले असू शकतात, आणि रोज पिऊन येणारे वडील असलेलं मूल तर जवळपास प्रत्येक वर्गात असतं. वर्गशिक्षकांकडून ही माहिती दोन दिवस आधी घ्या. 'कोणाच्या घरी पितात, हात वर करा' हा प्रश्न चुकूनही नको.

आता मुख्य मुद्दा. ही मुलं १५-१६ वर्षांची. त्यांच्यातली बहुतेक उद्या पिऊन गाडी चालवणार नाहीत, पण प्यायलेल्याच्या मागे बसतील. हळदीहून परतताना काकाच्या बाईकवर, जत्रेतून जीपमध्ये, एकतीस डिसेंबरला मित्राच्या मोठ्या भावाच्या गाडीत. म्हणून 'पिऊ नका' या धड्याला निम्मा वेळ पुरे. उरलेला निम्मा 'अशा गाडीवर बसायचं कसं टाळायचं, बसलोच तर उतरायचं कसं' यासाठी राखून ठेवा. बहुतेक शाळांच्या कार्यक्रमात नेमका हाच भाग नसतो.

सुरुवात गणिताने करा. 'बिअर म्हणजे काय दारू आहे का' हा समज मोडायला फळ्यावर तीन ओळी पुरतात. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या ६५० मिली बिअरमध्ये सुमारे २६ ग्रॅम, आणि ८ टक्क्यांच्या 'स्ट्राँग' बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बाटली हे जवळपास चार छोटे पेग झाले. (मिली गुणिले टक्के, गुणिले अल्कोहोलची घनता ०.७९. पोरं स्वतः करतात.) ही बाटली ६० किलोच्या पुरुषाने झटपट संपवली तर १०० मिली रक्तात ढोबळमानाने १०० मिलिग्रॅम अल्कोहोल जातं, आणि ५० किलोच्या बाईच्या बाबतीत हाच आकडा १५० च्या आसपास. कायद्याची मर्यादा ३० आहे.

इथे एक धोका आहे. रक्तातल्या पातळीचं सूत्र फळ्यावर मांडलंत तर मागच्या बाकावरचा हुशार मुलगा उलटं गणित मांडून 'मग किती प्यायली तर ३० च्या आत बसतो' ते काढणारच. त्यामुळे ग्रॅमचं गणित करू द्या, पण पातळीचं सूत्र देऊ नका, तयार उत्तरं द्या. पोट रिकामं की भरलेलं, किती वेळात प्यायली, वजन किती, यावर आकडा बराच हलतो, हे सांगून तिथेच थांबा.

दुसरी गोष्ट नशा उतरण्याची. यकृत तासाला १०० मिली रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम या संथ गतीनेच अल्कोहोल काढतं. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, उलटी यांनी तो वेग वाढत नाही. माणूस फार तर ताजातवाना वाटतो, म्हणजे उलट जास्त धोक्याचा. रात्री एक वाजता पातळी १५० असेल तर सकाळी सातला ती ६० असते, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. 'झोपून उठलोय, आता काय' म्हणत मुलांना शाळेत सोडणारे वडील याच गटात मोडतात. वर्गात हे ऐकून काही चेहरे बदलतात. तिथे रेंगाळू नका.

मग मैदानावर चला. नववीच्या विज्ञानात 'गतीचे नियम' हा पहिलाच धडा असतो, त्यातलं गतीचं तिसरं समीकरण (v² = u² + 2as) इथे कामी येतं. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, जवळपास व्हॉलीबॉल कोर्टाची लांबी. फक्कीने रेघ मारा आणि मोजपट्टीने खुणा करा. शुद्धीतल्या चालकाला धोका दिसून ब्रेक दाबायला १ सेकंद लागला असं धरा, म्हणजे पहिला झेंडा १६.७ मीटरवर. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात, म्हणून दुसरा झेंडा ३७ वर. आता प्यायलेला चालक फक्त अर्धा सेकंद उशिरा ब्रेक दाबतो असं धरा. त्याचा ब्रेक २५ मीटरवर लागतो. मुलांना विचारा, पहिला चालक जिथे पूर्ण थांबला त्या ३७ मीटरच्या झेंड्यापाशी दुसऱ्याचा वेग किती असेल? बरेच जण १० किंवा १५ म्हणतात. उत्तर आहे ताशी सुमारे ३८ किमी. एका मुलाला त्या झेंड्यापाशी उभं करूनच हा प्रश्न विचारा, मग वेगळं प्रवचन लागत नाही. घर्षणांक ०.७ धरलाय. पावसात तो बराच खाली येतो, ते गणित गृहपाठाला द्या.

पट्टी पकडण्याचा प्रयोग सोबत करता येतो. एकाने ३० सेंमीची पट्टी वरच्या टोकाला धरून सोडायची, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी बोटं उघडी ठेवून पकडायची. २० सेंमीवर पकडली तर प्रतिक्रियेला सुमारे ०.२० सेकंद लागला. पुढच्या खेपेला त्याला १७ चा पाढा म्हणत पकडायला लावा. पट्टी बरीच खाली निसटते, कधी हातीच लागत नाही. लक्ष विभागलं की काय होतं ते दाखवायला हे पुरे. अल्कोहोलचा परिणाम दाखवला असा दावा मात्र करू नका, मुलं लगेच पकडतात.

'नशेचे' (नजर बिघडवणारे) चष्मे घालून सरळ रेषेवर चालायला लावण्याचा खेळ लोकप्रिय आहे. माझं मत त्याच्या विरोधात आहे. हशा भरपूर होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात मुलं बऱ्यापैकी नीट चालू लागतात. मग धडा काय मिळाला? 'लक्ष दिलं की जमतं.' दारूत आधी बिघडतो तो निर्णय. पाय लटपटायच्या कितीतरी आधी. 'मला काही चढलेली नाही' हे वाक्य म्हणूनच भरवशाचं नसतं, आणि चष्मा नेमकं हेच दाखवू शकत नाही.

साहेबांना १५ मिनिटं द्या आणि विषय आधीच ठरवून द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे जागेवर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. कलम १८८: चालवायला चिथावणी किंवा मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा. 'अरे तूच चालव, काही होत नाही' म्हणणाऱ्या मित्राला हे कळायला हवं. कलम १९९अ: अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं. घरात उभी असलेली ११० ची स्कूटर त्यात बसत नाही, हे बहुतेक पालकांच्या गावीही नसतं.

पुण्याचं कल्याणीनगर प्रकरण मुलं काढणारच. मे २०२४ मध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले आणि बाल न्याय मंडळाने पहिल्याच दिवशी जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली. श्रीमंतांना वेगळा न्याय यावर वाद पेटला की अर्धा तास गेला म्हणून समजा. दोनच गोष्टी सांगा: वडिलांना अटक झाली आणि दारू देणाऱ्या बारच्या लोकांनाही झाली. पुढे सरका.

उरलेली ४० मिनिटं नाट्यप्रसंगाला. पाच-पाचचे गट करा, प्रत्येकाला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नातं आणि वेळ हवी, नुसतं 'मित्र प्यायलाय' नको: 'हळद संपली, रात्रीचे साडेअकरा, गाव ९ किमी, काका प्यायलेत आणि बाईकला किक मारून बस म्हणताहेत.' खरी अडचण दारूची नसते, मोठ्यांना 'नाही' म्हणण्याची असते. 'काका, तुम्ही प्यायलात' म्हटलं की मानापमान सुरू होतो. म्हणून मुलांना भांडण न होणारी वाक्यं तोंडपाठ करू द्या: 'काका, मला मळमळतंय, मी मावशीकडेच झोपते.' 'आईचा फोन आलाय, ती घ्यायला येतेय.' गाडी सुरू झाली असेल तर 'उलटी येतेय, थांबवा', आणि उतरल्यावर पुन्हा बसायचं नाही. चावी हिसकावणं, चालत्या गाडीत वाद घालणं, 'मग मी चालवतो' म्हणणं या तिन्ही गोष्टी चुकीच्या, आणि नाटकात मुलं हमखास याच करतात. तिथे थांबवा आणि प्रसंग पुन्हा करायला लावा. खेड्यात रात्री रिक्षा नसते, तेव्हा 'कॅब बोलवा' हा सल्ला तिथे फोल आहे. मुक्काम करणं हेच खरं उत्तर. वाटेत अपघात दिसला तर ११२ किंवा १०८, आणि मदत करणाऱ्याला कलम १३४अ चं संरक्षण आहे.

पालकांची २० मिनिटांची सभा त्याच आठवड्यात घ्या, नाहीतर वरचं सगळं निम्मं वाया. त्यांच्याकडून एकच कबुली हवी: मुलाने ठरलेलं सांकेतिक वाक्य ('माझी केमिस्ट्रीची वही घरी राहिली का?') फोनवर म्हटलं की काही न विचारता न्यायला यायचं किंवा कुणाला तरी पाठवायचं, आणि चौकशी सकाळपर्यंत थांबवायची. मूल स्वतः प्यायलेलं असलं तरी. हा शेवटचा भाग बऱ्याच पालकांना पटत नाही. 'म्हणजे प्यायची परवानगीच दिली की!' असं कोणीतरी म्हणेल. बोलणी सकाळी खुशाल खावीत, फक्त त्या रात्री घरी फोन करायची भीती वाटू नये, एवढं त्यांना समजावा.

तारीख डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली घ्या. नाट्यप्रसंगाच्या चिठ्ठ्या जपून ठेवा आणि धुळवडीच्या आधी एका तासिकेत त्याच पुन्हा करून घ्या, या वेळी गट बदलून.