१९९६ सालची बुलेट घरीच खोलून पुन्हा बांधता येईल का?

वडिलांची १९९६ ची बुलेट ३५० सात वर्षे सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. ती मुंबईत राहून घरीच पूर्ण खोलून नव्याने बांधता येईल का, आणि इंजिन उघडलेच आहे तर मोठ्या बोअरचे (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे) किट, इलेक्ट्रॉनिक इग्निशन व पुढचा डिस्क ब्रेकही बसवून घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. खोलणे, धुणे, मोजणे आणि पुन्हा जुळवणे ही सगळी कामे घरी होतात. फक्त ब्लॉकचे म्हणजे सिलिंडरचे बोअरिंग, क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) आणि पावडर कोटिंग बाहेर द्यावे लागते. दुसऱ्या प्रश्नावर माझे मत असे की गाडी आधी कारखान्यातून निघाली तशी करावी, तिच्यावर निदान हजार किलोमीटर फिरावे आणि त्यानंतर एका वेळी एकच सुधारणा करावी.

हे मत मला माझ्याच बुलेटने शिकवले. ती मी मुलुंडला इमारतीच्या स्टिल्टखाली खोलली आणि इंजिन घराच्या गॅलरीत बांधले. गाडी झिजलेली असेल या समजुतीने मी सुरुवात केली होती, पण हेडलाइट काढला तेव्हा आतून वायरींचा जो गुंता बाहेर आला, त्यात एकाच लाल रंगाच्या सहा वायरी नुसता पीळ देऊन जोडलेल्या होत्या आणि वरची चिकटपट्टी उन्हाने वितळून काळा चीक झाली होती. पुढे कार्बोरेटर उघडला, तर आवाज भारी यावा म्हणून कोणीतरी एअर फिल्टरच काढून टाकलेला आणि मग मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झाले म्हणून मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र, मोठा बसवलेला. माझ्या अंदाजाने अर्धे दोष झिजेचे होते आणि अर्धे पूर्वीच्या मालकांनी हौसेने केलेल्या सुधारणांचे. अशा गाडीवर आपली नवी सुधारणा चढवली, तर ती बिघडल्यावर दोष जुन्या कामाचा की नव्या, हे कळायला मार्ग राहत नाही.

खरे तर पाना हातात घेण्याआधी आरसी पुस्तक काढा. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते, म्हणजे गाडी उभी राहीपर्यंत नियमित नूतनीकरण झाले असले तरी तुमच्या गाडीची मुदत २०२१ मध्ये संपली असणार. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि महाराष्ट्रात आता जुन्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे. निरीक्षक चॅसिस आणि इंजिन क्रमांक पाहतो, त्यामुळे फ्रेम पावडर कोटिंगला देताना क्रमांकाच्या जागेवर पट्टी लावायला स्वतः उभे राहून सांगा. सँडब्लास्टिंगमध्ये पुसट झालेला क्रमांक फार मोठी डोकेदुखी ठरतो. रंग बदलणार असाल तर त्याचीही नोंद आरसीवर करून घ्यावी लागते.

कामाचा हंगाम मुंबईत ठरलेलाच आहे. दसऱ्याची पूजा झाली की खोलायला घ्या आणि जूनच्या आत बंद करा. पावसाळ्यात उघडे पडलेले होनिंग केलेले (आतून बारीक घासलेले) सिलिंडर दोन दिवसांत लालसर होते, मग तेल कितीही लावा. सुटे भाग मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवत असे आणि प्रत्येक डब्यावर कुठून काय काढले ते लिहीत असे. फोटो तर काढालच, पण वॉशर कोणत्या बाजूला होता हे फोटोत नेमके दिसत नाही. जुन्या बुलेटमध्ये अनेक ठिकाणी ब्रिटिश मापाचे आटे आहेत. त्यांवर मिलिमीटरचा पाना जबरदस्तीने चालवला की नटाचे कोपरे जातात, म्हणून त्या मापाचा संच आधी घ्यावा; नागदेवी स्ट्रीटवर तो मिळतो. जुने मूळ भाग शोधायला कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि नवे घ्यायला ऑपेरा हाऊसचा परिसर. दोन्हीकडे जाताना जुना भाग पिशवीत घेऊनच जा, तोंडी वर्णनावर घेतलेला भाग हमखास परत न्यावा लागतो.

इंजिनाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण घरी काम करणारा माणूस इथेच चुकतो. टायमिंगच्या बाजूला क्रँकच्या टोकाशी ऑइल पंप फिरवणारा वर्म नट असतो आणि त्याला उलटे आटे असतात. हे मला माहीत नव्हते. मी पान्याला पाइप लावून त्यावर दोन संध्याकाळी जोर काढला आणि तो आणखी घट्ट करत राहिलो; शेवटी खालच्या मजल्यावरचे निवृत्त फिटर काका जिन्यातून जाता जाता थांबले आणि म्हणाले, ‘अहो, तुम्ही तो आवळताय.’ तोवर नटाची कड गेली होती आणि नवा घ्यावा लागला.

त्याच टायमिंग कव्हरमध्ये क्रँकला तेल पोचवणाऱ्या बोल्टभोवती एक छोटे सील असते. किमतीला ते नगण्य आहे, पण ते चेपले किंवा विसरले, तर तेल बिग एंडपर्यंत, म्हणजे क्रँकला कनेक्टिंग रॉड जोडलेला असतो तिथपर्यंत, दाबाने पोचत नाही आणि नव्याने बांधलेला क्रँक थोड्याच दिवसांत वाजू लागतो. त्यामुळे कव्हर जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा ते सील नवे घाला. ब्लॉक लेथवाल्याकडे देताना आधी पिस्टन विकत घ्या आणि सोबत द्या. मूळ बोअर ७० मिलिमीटरचे आहे, झीज जास्त असेल तर वीसचा, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन पडतो, आणि बोअर हातातल्या त्या पिस्टनच्या मापानेच कापायला हवे, छापील आकड्याने नव्हे.

इग्निशन टायमिंगसाठी, म्हणजे ठिणगीची वेळ जुळवण्यासाठी, कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. हेडलाइटच्या वरच्या पत्र्यावर जो छोटा अँमीटर आहे, तोच ते काम करतो. चावी चालू करा, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून इंजिन हळूहळू फिरवा. पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असतात तोवर काटा वजा बाजूला झुकलेला राहतो आणि ज्या क्षणी पॉइंट उघडतात त्या क्षणी तो टुणकन मध्यावर येतो. त्या वेळी पिस्टन कम्प्रेशनच्या फेरीत ठरलेल्या जागी असला की टायमिंग बरोबर. मला या गाडीतली सर्वांत आवडती गोष्ट हीच आहे, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनची घाई करू नका असे सांगण्यामागे थोडा हा पक्षपातही आहे. पण तटस्थपणे सांगायचे, तर मुंबईच्या दमट हवेत पॉइंट लवकर काळे पडतात आणि रोज कामावर न्यायची गाडी असेल, तर हा बदल करण्यासारखा आहे. मूळ प्लेट व पॉइंट मात्र जपून ठेवा.

मोठ्या बोअरच्या किटचा विचार सोडून द्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले आहे. शिवाय ३४६ सीसीच्या या इंजिनाची ताकद सुमारे १८ अश्वशक्ती धरून बाकीची गाडी बांधलेली आहे. ती ताकद वाढवली की क्लच, प्रायमरी चेन आणि ब्रेक असे एकामागून एक सगळेच तोकडे पडू लागते.

डिस्कचेही थांबा. तो बसवायचा म्हणजे नव्या बुलेटचे फोर्क, चाक आणि मास्टर सिलिंडर असा पूर्ण संच बदलावा लागतो. बहुतेक ड्रम ब्रेक नीट लागत नाहीत, कारण ड्रम अंडाकृती झालेला असतो, कॅम गंजलेला असतो आणि केबल ताणलेली असते. ड्रम लेथवर गोल करून घेतला, नवे लायनर आणि नवी केबल घातली, तर ईस्टर्न एक्स्प्रेसवर या गाडीच्या वेगाला तो पुरतो, असा माझा अनुभव आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर नवे वायरिंग, हेडलाइटसाठी रिले (बॅटरीचा करंट थेट दिव्याला देणारा वेगळा स्विच) आणि चांगला रेग्युलेटर यांवर करा. जुन्या स्विचमधून हेडलाइटचा सगळा करंट जातो, म्हणून दिवा पिवळा पडतो. रिले घातल्यावर त्याच बल्बचा उजेड वाढलेला डोळ्यांना दिसतो.

पेट्रोलच्या नळ्या, टाकीच्या कॉकमधले रबर आणि कार्बोरेटरची नीडल मात्र आत्ताच बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्याने जुने रबर फुगते आणि असे पेट्रोल हवेतले पाणी शोषून घेत असल्यामुळे महिनाभर उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. थांबवताना कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होऊ द्यायची सवय लावून घ्या.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर गाडी लगेच फिरवायला नेऊ नका. मंद गतीवर ठेवून हेडवरच्या रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या पाइपचा बोल्ट थोडा सैल करा. तिथे तेल झिरपताना दिसले, तर पंप तेल परत फेकतो आहे. दिसले नाही तर लगेच बंद करा. इंजिन एकदा तापून रात्रभर पूर्ण थंड झाले की सकाळी हेडचे नट पुन्हा आवळा आणि टॅपेटची ढील पाहा: पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. पहिले ५०० किलोमीटर मागे कोणाला बसवू नका आणि घाटाकडे गाडी वळवू नका.