भरलेली लिंक, रिकामी लिंक आणि क्यूओएसची मर्यादा

आपल्या प्रश्नाचा आशय असा : हिंजवडी आणि खराडी या दोन्ही कार्यालयांतून मुंबईच्या डेटा सेंटरकडे जाणारी थेट लिंक दुपारनंतर भरते, नाशिकमार्गे जाणारी लिंक रिकामीच राहते आणि क्यूओएस (महत्त्वाच्या ट्रॅफिकला आधी जाऊ देण्याची व्यवस्था) लावल्यामुळे फोनवरचा आवाज सुधारला तरी व्हिडिओ बैठका अडखळतात, तेव्हा राउटरने त्या क्षणाचा विलंब मोजून मार्ग निवडावा का? पुण्यात नेटवर्कचेच काम करणारा म्हणून माझे स्पष्ट मत असे, की तसे करू नये.

क्यूओएससाठी आपण लावलेली डिफसर्व पद्धत, जिची चौकट १९९८ मध्ये ठरली, प्रत्येक पॅकेटवरील, म्हणजे माहितीच्या तुकड्यावरील, खूण पाहते (आवाजासाठी बहुधा ४६) आणि रांगेतून आधी कोणाला सोडायचे एवढेच ठरवते. तिच्यामुळे लिंकची क्षमता वाढत नाही आणि शेजारची रिकामी लिंकही तिला दिसत नाही. राउटरांमध्ये मार्ग ठरवणारा ओएसपीएफ हा प्रोटोकॉल आपण लिंकला दिलेला खर्च (एक ठरावीक आकडा, जितका कमी तितकी पसंती) पाहतो, तिच्यावरचा भार पाहत नाही. म्हणून दोन्ही कार्यालयांचा ट्रॅफिक थेट लिंकवरच येऊन पडतो.

विलंब मोजून मार्ग ठरवण्याचा प्रयोग इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर १९७९ पासून प्रत्यक्ष चालला. भार हलका असताना तो उत्तम चालत असे, पण भार वाढला की सगळे राउटर एकाच वेळी मोकळ्या लिंककडे वळत, ती तुंबली की पुन्हा एकदमच मागे फिरत. वाकडचा रस्ता अडला म्हणून हिंजवडीतली सगळी वाहने एकाच वेळी भूमकर चौकात उतरावीत, तसे हे होते. अखेर १९८७ मध्ये लिंकचा खर्च किती आणि किती वेगाने बदलू द्यायचा, यावर तेथे मर्यादा घालावी लागली.

एमपीएलएस ट्रॅफिक इंजिनीअरिंग (पॅकेटांना लेबल लावून आधी आखलेल्या मार्गाने नेण्याची पद्धत) म्हणूनच क्षणिक विलंबाऐवजी आरक्षणाचा हिशेब ठेवते. प्रत्येक लिंकवर किती बँडविड्थ (वहनक्षमता) अनारक्षित आहे हे ओएसपीएफच्या विस्तारातून सर्व राउटरांना कळते, अपुऱ्या लिंका आधी वगळल्या जातात आणि उरलेल्यांतून सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढून आरएसव्हीपी-टीई हा आरक्षणाचा प्रोटोकॉल त्यावर जागा राखून ठेवतो. मात्र हे आरक्षण कागदावरचे असते, हे कृपया विसरू नका : त्या मार्गावर ठरल्यापेक्षा जास्त ट्रॅफिक सोडला तर तो आपोआप अडवला जात नाही, त्यासाठी प्रवेशाच्या राउटरवर वेगळी मर्यादा लावावी लागते.

आता आपल्या जागेचा विचार करू. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे नाशिकच्या वळशाने शे-दोनशे किलोमीटर वाढले तरी भर पडते ती सुमारे एक मिलिसेकंदाची. आवाजासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंतची आहे. खरा विलंब तुंबलेल्या रांगेत होतो. तरीही आवाज आणि व्हिडिओ थेट लिंकवरच ठेवून बॅकअप आणि फाइलींची मोठी देवाणघेवाण नाशिकमार्गे वळवावी, असे मी सुचवीन, कारण जड प्रवाह थोडे असतात आणि ओळखायला सोपे असतात. केवळ दोन लिंकांसाठी एमपीएलएसचा पसारा मांडण्याचीही गरज नाही, धोरणाधारित राउटिंगचा (ठरावीक प्रकारचा ट्रॅफिक ठरावीक मार्गाने पाठवण्याचा) एक नियम पुरेल. फक्त नाशिकची लिंक तुटल्यास बॅकअप थेट लिंकवर येईल, तेव्हा तेथे त्याला सर्वांत खालच्या वर्गात ठेवा आणि एकदा ती लिंक मुद्दाम बंद करून हे तपासून पाहा.