लेक म्हणते मातीच्या वाट्याच बनवणार, लोन काढू का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका आईंनी लिहिलंय, लेक बारावी कॉमर्सला, एक पॉटरी वर्कशॉप केलं आणि आता म्हणते मला रोजच्या वापरातले मग, वाट्या, ताटल्याच बनवायच्यात, चाक आणि इलेक्ट्रिक भट्टी घ्यायला लोन काढा.

ताई, लोन आत्ता अजिबात काढू नका, पण तिला नाही पण म्हणू नका.

शोपीस कपाटात बसून राहतं ओ, वाटीचं तसं नसतं, तिच्यात उकळता तांबडा रस्सा पडणार, वर लिंबू पिळणार, मग घासणीनं खसाखसा घासणार, आणि हे रोज. आपल्याकडचे कुंभार लाल माती साधारण 900-1000 डिग्रीच्या आत भाजतात, ती सच्छिद्र राहते म्हणून तर माठातलं पाणी गार होतं, पण रश्श्याच्या वाटीला तेच नडतं, ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, नसेल तर तेल आत मुरतं आणि वास काही जात नाही. म्हणून बरेच जण स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट भांडी, करतात, ते 1200 च्या वर भाजतात, त्याची माती वेगळी, लाल माती तिथं टाकली तर वाकते नाहीतर वितळून भट्टीतल्या फळीला चिकटते. ग्लेझमध्ये शिसं नको, आतून बारीक चिरा नकोत. हे तिला स्वतःला कळायलाच पाहिजे, कारण त्या वाटीत कुणाचं तरी लहान पोरगं जेवणार आहे, मला तर यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

शिकायला लांब जायला पाहिजे असं नाही. गणपतीची घाई संपली की कुंभार गल्लीत जाऊन विचारा, माती मळायला तरी बसू दे. बेळगावपुढं खानापूरला खादी ग्रामोद्योगची पॉटरीची संस्था आहे, तिथल्या कोर्सची चौकशी करा. डिग्रीच हवी तर अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) सिरॅमिक आहे, बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण एन्ट्रन्स अवघड आहे, तयारी आत्तापासून लागेल.

नाहीतर बी.कॉम. करत एक वर्ष दुसऱ्याच्या चाकावर काम करू दे. तिला सांगा, एकाच मापाच्या सहा वाट्या करून दाखव. वाळून भाजून माती दहा-बारा टक्के आकसते, त्यामुळे सहा सारख्या निघायला पन्नास तरी कराव्या लागतील, आणि फुटलेल्यांचा खर्च पण वहीत लिहायचा, कॉमर्सवाली आहे ती, जमेल तिला. त्या सहा घरात दोन महिने वापरा, मग भट्टीचं कोटेशन मागवा.