फुकटच्या कामाला कसली आली डेडलाईन?

राम राम भाऊ,

पत्र मिळालं तुमचं. पोरगा जळगावला थर्ड इयर कॉम्प्युटरला, कुठल्यातरी ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टमध्ये काम करतो, पगार एक रुपया नाही, आणि मागच्या आठवड्यात रावेरला घरी आला तर केळीची कटाई सोडून पहाटेपर्यंत लॅपटॉपवर, विचारलं तर म्हणे "पप्पा, रिलीज आहे". आणि वरून परीक्षा तोंडावर. रिलीज म्हणजे सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती बाहेर पडणं. तुम्ही विचारताय बंद करायला लावू का.

नका लावू. पोरगा चुकतोय, पण तुम्ही म्हणताय तिथे नाही.

बघा, अशा प्रोजेक्टमध्ये एक जण ब्राझीलला, एक जर्मनीत, एक तुमच्या घरात, कोणी कोणाला झापू शकत नाही ना पगार कापू शकत, म्हणून तर तारीख पक्की ठेवावी लागते, तिथे तारीख हीच साहेब. ग्नोमची (लिनक्सवरचा डेस्कटॉप) नवीन आवृत्ती मार्च आणि सप्टेंबरला, लिबरऑफिसची (फुकट मिळणारं ऑफिस सॉफ्टवेअर) फेब्रुवारी आणि ऑगस्टला. लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, चक्र 9-10 आठवड्यांचं, त्यात नवीन काम आत घ्यायला मर्ज विंडो उघडी असते फक्त 2 आठवडे, नंतर नुसती दुरुस्ती. उबुंटू या लिनक्सवर बनलेल्या सिस्टिमच्या तर नंबरातच वर्ष आणि महिना असतो, 2006 ला एप्रिलची आवृत्ती जूनला गेली तर तिचा नंबरच 6.06 पडला, उशीर कायमचा दिसतो. उलट डेबियन या तशाच दुसऱ्या सिस्टिमवाले म्हणतात तयार झालं की देऊ, त्यांची जुलै 2002 नंतरची आवृत्ती आली थेट जून 2005 ला.

आता तुमच्या शेतातलंच घ्या. गाडी लागली की भरलेले घड कापतात, राहिलेले पुढच्या कटाईला, एका घडासाठी कोणी गाडी थांबवत नाही आणि कच्चा घड गाडीत कोंबतही नाही. तुमचा पोरगा कच्चा घड कोंबायला बघतोय. ते पहाटेपर्यंत जागणं त्याचंच, कारण बऱ्याच प्रोजेक्टची वेळ यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेत असते, त्या वेळेत रात्रीचे 12 वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. शेवटच्या तासात टाकलेला कोड तपासायला कोणी जागं नसतं, बिघडला तर दुसऱ्या दिवशी काढून टाकतात, म्हणजे जागरण पण गेलं आणि नाव पण.

आणि त्याच्या घाईचा त्रास दुसऱ्यालाच होतो. रिलीजच्या काही आठवडे आधी स्ट्रिंग फ्रीझ लागतो, म्हणजे स्क्रीनवरचे शब्द आता बदलायचे नाहीत, भाषांतरवाल्यांना वेळ मिळावा म्हणून. ते पण आपल्यासारखेच फुकट काम करणारे, कोणीतरी नोकरी सांभाळून रात्री मराठी मेनू करत बसलेलं असतं. यानं नंतर एक नवीन बटण घुसवलं की सगळ्या मराठी मेनूत मधेच एक इंग्रजी ओळ. (पोराला विचारा हे माहीत होतं का, बहुतेक नसेल.)

मग करायचं काय तर आजच्या आज मेंटेनरला, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला, लिहायचं, साध्या इंग्रजीत, की माझी परीक्षा या तारखेपर्यंत आहे, काम इथपर्यंत झालंय, अमुक ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीत) टाकलंय, उरलेलं पुढच्या रिलीजला करतो किंवा दुसऱ्या कोणाला घ्यायचं असेल तर घ्या. एवढंच. कोणी रागावत नाही हो, राग येतो तो "करतो करतो" म्हणून गायब होणाऱ्याचा, कारण त्याच्या भरवशावर दुसरा कोणी ते काम हातात घेत नाही. आणि इथून पुढे मोठं काम एकदम घ्यायचं नाही, तुकडे करून तयार होईल तो तुकडा आधी आत घालायचा.

परीक्षा मात्र आधी, यात माझं दुमत नाही. कॅम्पसला (कॉलेजात नोकरीसाठी येणाऱ्या) बऱ्याच कंपन्या बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, असला की फॉर्मच भरू देत नाहीत, मग गिटहब (जिथे त्याचा कोड ठेवलेला असतो ती साइट) कोणाला दाखवणार? पण पेपर निघाले तर हेच काम इंटरव्ह्यूला उपयोगी पडतं, याने काय बनवलं, कोणी काय सुधारायला सांगितलं, वेळेवर दिलं की नाही, सगळं उघड वाचता येतं, बाजारात विकत मिळणाऱ्या रेडीमेड प्रोजेक्टपेक्षा शंभर पटीनं बरं.

पैशाचं म्हणाल तर गूगल समर ऑफ कोड, म्हणजे ओपन सोर्सचं काम करून घेणारा गूगलचा कार्यक्रम, 2005 पासून चालू आहे, त्यात स्टायपेंड मिळतो, पण मधे आणि शेवटी मूल्यमापन असतं, नापास झालं की पुढचे पैसे बंद. संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीत लागते आणि अर्ज मार्चच्या आसपास. पेपर संपले की त्याला जुन्या वर्षांची यादी बघायला सांगा, सध्याचा प्रोजेक्ट त्यात असेल तर दुसरीकडे उड्या मारायची गरज नाही.