लिनक्स सर्व्हर रीस्टार्ट करताना दीड मिनिट का अडकतो?

दर वेळी बरोबर दीड मिनिट अडकतो म्हणताय, तर तो आकडाच बोलका आहे. सिस्टमडी (लिनक्समधल्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) प्रत्येक सर्व्हिसला, म्हणजे मागे चालणाऱ्या प्रोग्रामला, थांबायचा सिग्नल देऊन बहुधा ९० सेकंद वाट बघतं, मग ती जबरदस्तीने मारतं. तेव्हा स्क्रीनवर 'अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर' असं येतं. त्यापुढचं नाव टिपून घ्या, अडकलेली गोष्ट तीच. सर्व्हर दूर असेल तर जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडने मागच्या बूटचा (रीस्टार्टआधीचा) लॉग शेवटाकडून वाचा.

एनएफएस माउंट (नेटवर्कवरून जोडलेलं दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर) असेल तर पहिला संशय त्यावर. नेटवर्क आधी गेलं की ते सोडवणं (अनमाउंट) लटकतं.

ही ९० सेकंदांची मुदत (टाइमआउट) कमी करा, असं बरेच जण सांगतील. डेटाबेस असेल तर कृपया नको! मायएसक्यूएलसारखा डेटाबेस बफरमधला (मेमरीतला) डेटा डिस्कवर लिहीत असताना मारलंत, तर वाचवलेला वेळ पुढच्या स्टार्टला क्रॅश रिकव्हरीत, म्हणजे अर्धवट राहिलेलं काम सावरण्यात, जाईल.